जोशी मास्तरांचा मुलगा आणि लष्करचे दरवाजे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात छापलेली एक छोटी चौकट आपण सर्वांनी पाहिलेली आहे. अस्पष्ट छायाचित्र, वय, उंची, अंगावरील सदऱ्याचा रंग, आणि खाली दोन ओळी. आईने अंथरूण धरले आहे, असशील तेथून निघून ये, कोणी रागावणार नाही, अशा आशयाच्या. भाषा मराठी असो वा हिंदी, मजकूर बहुधा हाच असतो. त्यात एक दुःख आहे आणि एक वचन आहे. दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वचनाविषयी मात्र, ज्याच्यासाठी ते छापले आहे त्या मुलाला शंका असते. नाही तर तो गेलाच नसता.

घर सोडून गेलेल्या मुलाने शोकाकुल घरी परतावे की नाही, हा प्रश्न आपण बहुधा घराच्या उंबरठ्याच्या आत उभे राहून विचारतो. तिथून उत्तर एकच दिसते. आमच्या या गावाला तो प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारता येतो. ग्वाल्हेर हे एके काळी गाण्यासाठी घर सोडलेल्या मुलांचे पोचण्याचे ठिकाण होते. दक्षिणेतून, कोकणातून, कृष्णाकाठातून मुले येथे येत, आणि त्यांच्या मागे कोठे तरी एखादी आई दारात बसून राही. ज्या गावात ती मुले उतरली, त्या गावाचा या प्रश्नाशी काय संबंध होता, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी जुन्या कथेकडे वळू, कारण तिच्या छायेतूनच आपला समाज या विषयाकडे पाहतो. जांब गावच्या सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा मुलगा नारायण, जन्म १६०८, रामनवमीचा. वडील लहानपणीच गेले. वयाच्या बाराव्या वर्षी त्याला बोहल्यावर उभे केले, आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, ही कथा समर्थचरित्राच्या प्रत्येक कीर्तनात येते. मंडपातल्या त्या दुसऱ्या पाटावरच्या मुलीचे आणि तिच्या घरच्यांचे त्या घटकेला काय झाले असेल, याचा विचार मात्र कथा ऐकताना आपण सहसा करीत नाही. पुढे बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीस तपश्चर्या आणि बारा वर्षे देशभर तीर्थाटन, असा हिशेब परंपरा देते. म्हणजे एकूण चोवीस वर्षे. त्यांतली पहिली बारा तर जांबेहून पायी जाता येईल अशाच अंतरावर गेली.

सन १६४४ च्या सुमारास ते जांबेस आले. अंगणात उभे राहून त्यांनी साद घातली. राणूबाईंनी आवाजावरून मुलास ओळखले, कारण रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती. मुलाच्या स्पर्शाने ती परत आली, असे परंपरा सांगते. येथे कीर्तनकार टाळ वाजवितो आणि श्रोते डोळे पुसतात. आम्हीही पुसले आहेत. पण ज्यांनी ही कथा सांभाळली, त्यांनी त्या मातेचे आंधळेपण कथेतून गाळले नाही, ही गोष्ट आम्हांस चमत्काराहून मोठी वाटते. मुलगा समर्थ झाला म्हणून आईचे डोळे गेले नाहीत असे त्यांनी म्हटले नाही. दृष्टी परत आली तरी चोवीस वर्षे परत आली नाहीत. त्या वर्षांत घर सांभाळले ते थोरल्या गंगाधरपंतांनी. समर्थसंप्रदाय त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतो, ते स्वतः ग्रंथकार होते, तरी घरी राहिलेल्या मुलाची कथा सांगायला कोणी कीर्तनकार उभा राहत नाही.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आणि कमी सांगितला जाणारा आहे. रामदास जांबेस काही काळ राहिले आणि मग आईचा निरोप घेऊन पुन्हा निघाले. यावेळी ते सांगून गेले. राणूबाईंच्या अंतकाळी ते घरी पोचले होते, असेही परंपरा नोंदविते. म्हणजे परतणे आणि राहणे या दोन गोष्टी आपल्या सर्वांत प्रसिद्ध कथेतसुद्धा वेगळ्या आहेत. आपण त्या एक मानतो, आणि बहुतेक भांडणे तेथूनच सुरू होतात.

आता लष्करकडे येऊ. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला, आणि तळाचेच शहर झाले. नावही तेच राहिले. जयेंद्रगंजात, सराफ्यात, महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत जी मराठी घरे वसली, त्यांचे मूळ पुरुष कोकणातील वा देशावरील कोणत्या ना कोणत्या घराला वाट पाहायला लावूनच इकडे आले होते. सरदार, कारकून, भिक्षुक, आचारी, गवई असे सगळे. त्यातून गाण्याची अशी परंपरा उभी राहिली की उलट्या दिशेने शिष्य येऊ लागले. हद्दू-हस्सूखाँच्या घराण्याची गायकी वासुदेवबुवा जोशी यांनी आत्मसात केली, त्यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी घेतली आणि दक्षिणेत नेली. बाळकृष्णबुवांनी विद्येसाठी काढलेल्या हालांच्या हकिकती गायक मंडळी अजून सांगतात. विसाव्या शतकात लष्करात शिकण्याची सोय अधिक रीतसर झाली. कृष्णराव शंकर पंडितांचे गांधर्व विद्यालय १९१४ पासून होते. १९१८ मध्ये माधवराव महाराजांनी, पंडित भातखंडे यांच्या योजनेनुसार, माधव संगीत विद्यालय काढले. राजाभैया पूछवाले यांच्यासारखे गुरू तेथे होते. गाण्याचे वेड लागलेल्या मुलाला दूर गदगेत बसून ‘ग्वाल्हेर’ हे नाव कसे ऐकू येत असेल, याची कल्पना करता येते.

तो मुलगा म्हणजे भीमसेन गुरुराज जोशी. जन्म फेब्रुवारी १९२२, कर्नाटकातला. वडील गुरुराज शाळामास्तर, कन्नडचे व्यासंगी, कोशकार. घर मोठे, भावंडांत हा थोरला. गावातून वाजंत्री वा भजनाची दिंडी निघाली की हा तिच्यामागे चालू लागे, दमला की असेल तेथे झोपून जाई, आणि घरचे पोलीस चौकीपर्यंत हेलपाटे घालीत. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यांवर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले. ज्याला सापडेल त्याने घरी पोचवावे. ही युक्ती लागूही पडली. मुलाने कोठे जाऊ नये असा बंदोबस्त मास्तरांनी केला नाही. गेला तर परत कसा येईल याचा केला. पुढच्या सगळ्या कथेचे बीज आम्हांस या सदऱ्यात दिसते.

मात्र सदऱ्यावरचे नाव गावाच्या वेशीपर्यंतच चालते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून तसे गाता आलेच पाहिजे, हे मुलाच्या मनाने घेतले. कुर्तकोटीच्या चन्नप्पांकडे थोडी तालीम झाली होती, ती पुरेना. जेवताना तुपावरून घरात काही बोलाचाली झाली आणि तो ताटावरून उठला, असे सांगितले जाते. सन १९३३, वय अकरा. तूप हे निमित्त. घरी तूप पुरेसे असते तर भारतीय संगीताचे काय झाले असते, असा विनोद करण्याचा मोह होतो. पण तूप त्या दिवशी वाढले असते, तर तो दुसऱ्या कशावरून उठला असता.

विजापूर, पुणे अशी ठिकाणे करीत, तिकिटाशिवाय, सहप्रवाशांच्या दयेवर आणि गाणे म्हणून दाखवून तो अखेर ग्वाल्हेरीस उतरला. सरोदनवाज हाफीज अली खाँ यांच्या मदतीने माधव संगीत विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. ही घटना आपल्या गावच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते आणि तसे सांगावे यात वावगे नाही. पण तिच्याकडे गदगेतून पाहून बघा. तिकडे एक शाळामास्तर आपला अकरा वर्षांचा मुलगा जिवंत आहे की नाही या विवंचनेत आहे. इकडे लष्करात तोच मुलगा सारेगम घोटतो आहे आणि जाणकार मंडळी त्याच्या आवाजाला मान डोलावीत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्यांनी त्या मुलाला आसरा दिला त्यांनी पुण्य केले. त्यांच्यापैकी कोणी पहिल्या दिवशी त्याला ‘घरी कळवलेस का?’ असे विचारले असेल काय, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही.

आपल्या घरांत त्या काळी वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरी मिळून एका मुलाचे पोट. फार मोठी रीत होती ती, तिच्यावर कित्येक पिढ्या शिकल्या. मुलाचे गोत्र, शाखा, आडनाव विचारूनच त्याला पाटावर बसवीत. पंक्तीसाठी लागणारी माहिती तेवढी घेतली जाई. गोत्र विचारणाऱ्या घराला मुलाच्या आईचा पत्ता विचारणे जड नव्हते. एक पोस्टकार्ड पुरे होते. हा दोष कोणा एका घराचा नव्हता; आश्रय द्यावा, अन्न द्यावे, विद्या द्यावी, पण मागे राहिलेल्या घराची काळजी आपली नव्हे, असा तो एकूण समज होता.

ग्वाल्हेरवरून गेलेला आणखी एक प्रवासी येथे आठवतो, तो मूल नव्हता म्हणूनच. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घरातून निघाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. मागे पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी. पुण्याहून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत ते काशीस गेले, तेथून नेपाळ, कलकत्ता, आणि बुद्धधर्माच्या शोधात सिंहलद्वीपापर्यंत. घरी परतले ते १९०६ मध्ये. मोठ्या माणसाला अकरा वर्षांच्या पोराची सवलत देता येत नाही. ज्याने संसार मांडला त्याच्यावर घराचे देणे आहे, आणि ज्ञानाच्या नावाने ते फिटत नाही, असे आम्हांस वाटते. तरी परतल्यानंतर जुळलेल्या संसारातच १९०७ साली दामोदर जन्मला, हेही खरे. परतणाऱ्यांच्या पदरात काय पडेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

ग्वाल्हेरात भीमसेनचे समाधान झाले नाही. रामपूर, लखनौ, दिल्ली, कलकत्ता असा तो सुमारे तीन वर्षे हिंडला. रामपुरात मुश्ताक हुसेन खाँ यांच्याकडे राहिला, कलकत्त्यात नट पहाडी संन्याल यांच्या घरी पडेल ते काम केले. अखेर जालंधर. तेथे गाणे शिकत असताना हरवल्लभ मेळ्यास आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांशी त्याची गाठ पडली. बुवांनी विचारपूस केली आणि जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा की अरे, ज्याच्या शोधात तू उभा हिंदुस्थान पालथा घातलास तो गुरू तुझ्या घराजवळ आहे. ते गुरू म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, सवाई गंधर्व. कुंदगोळ गदगेपासून काही तासांच्या वाटेवर.

परतीची हकिकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत वडील माग काढीत जालंधरला पोचतात आणि मुलाला घेऊन येतात. दुसरीत विनायकबुवांच्या सल्ल्याने मुलाचे पाय घराकडे वळतात. संशोधकाने यांतली एक निवडावी. आम्हांस दोन्ही ठेवाव्याशा वाटतात, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मुलगा घरी कसा आला, याचे उत्तर पहिली देते. तो घरी का राहू शकला, याचे दुसरी. नुसते वडील गेले असते आणि ‘आता पुरे, शाळेत चल’ एवढेच म्हणाले असते, तर मुलगा पुढच्या मोसमात पुन्हा कोणत्या तरी गाडीत बसला असता. तीन वर्षे एकट्याने भारत हिंडलेल्या मुलाला कोणती कडी अडविणार होती?

गुरुराज मास्तरांनी तसे केले नाही. मुलगा १९३६ मध्ये सवाई गंधर्वांकडे शिकू लागला. म्हणजे परत आणलेला मुलगा काही महिन्यांतच घरातून पुन्हा गेला, आणि यावेळी घराच्या संमतीने. कुंदगोळात सुरुवातीचा बराच काळ पाणी भरणे आणि घरकाम यातच गेला, तालीम नावालाही नव्हती. तरी तो तेथून पळाला नाही, ही गोष्ट घर सोडण्याच्या कारणांविषयी पुष्कळ काही सांगते. त्याला कष्ट नको होते म्हणून तो गेला नव्हता. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. गुरूच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात भरू लागलेला सवाई गंधर्व महोत्सव, २००८ मधील भारतरत्न, २०११ मधील देहावसान.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि आपल्या चरित्रवाङ्मयाने ती क्वचितच बाळगली आहे. घर सोडून गेला म्हणून मोठा झाला, असा अर्थ या कथांतून काढणे घातक आहे. आपण समर्थांची आणि भीमसेनांची कथा सांगतो कारण ते पोचले. त्याच गाड्यांतून, त्याच वर्षांत जी मुले उतरली आणि स्थानकाबाहेरच्या गर्दीत नाहीशी झाली, ज्यांना कोणा हॉटेलात कपबशा विसळाव्या लागल्या, ज्यांना कोणी विकले, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही. त्यांच्या आयांचे डोळे कोणाच्या स्पर्शाने परत आले नाहीत. या विषयावरचा इतिहास हा परतलेल्यांचा आणि गाजलेल्यांचा इतिहास आहे. प्रश्न मात्र बहुतांशी उरलेल्यांचा आहे.

आणि ती सगळीच मुले काही गाण्यामागे धावलेली नसतात. कित्येक माराला, दारूला, सावत्रपणाला, दहावीच्या निकालाला भिऊन निघतात. जे घर मारते तेच घर नंतर खरोखरीचे रडते, यात दंभ नाही. माणसे अशीच असतात. पण त्या रडण्यावर विसंबून मुलाला ‘बघ, आईची काय दशा झाली’ म्हणून गाडीत बसवून देणारा परोपकारी गृहस्थ आम्हांस फारसा परोपकारी वाटत नाही. घराचे दुःख हे मुलाने कळविण्याचे सबळ कारण आहे. परत जाऊन राहण्याचे ते कारण होण्यासाठी, तो ज्यामुळे गेला त्याचे काय झाले, हे आधी घराला सांगावे लागेल.

नवलाची गोष्ट अशी की आपल्या कायद्याने हे अंतर आपल्या कथांपेक्षा नीट ओळखले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी, म्हणजे ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून चौकीतून कोणा बापाला परत पाठवता येणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे एकटे सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलाचे म्हणणे ऐकणे हे त्या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. आणि कुटुंबाकडे परत जाणे हा त्यात मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे, त्याच्या हिताविरुद्ध असेल तेवढे सोडून. शब्द लक्षात घ्यावा. आपण शतकानुशतके ज्याला मुलाचे कर्तव्य म्हणत आलो, त्याला कायदा हक्क म्हणतो. कर्तव्य चुकल्याबद्दल मुलाला खाली मान घालून दारात उभे राहावे लागते. हक्क असेल तर दार उघडे ठेवण्याची जबाबदारी घरावर येते. व्यवहारात समित्यांपुढे कामाचा डोंगर असतो, आणि बहुतेक वेळा मूल घरी पाठवून प्रकरण मिटविण्याकडेच कल राहतो, हे आम्ही जाणतो. तरी मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आज देशभर चालतो, आणि जे काम एका पोस्टकार्डाने व्हायचे होते ते त्या क्रमांकाने होऊ शकते, हेही थोडके नाही.

या लेखापुरता आमचा मुख्य रस लष्करच्या त्या दरवाजांत आहे. जयेंद्रगंजातील आणि आसपासच्या जुन्या घरांत अजून लोखंडी ट्रंका आहेत, त्यांत जमाखर्चाच्या वह्या आहेत. वार लावून जेवणाऱ्या मुलांची नावे काही घरांत टिपून ठेवीत. कोणाला धोतरजोडी दिली, कोणाला पोस्टाच्या तिकिटाला पैसे दिले, असे किरकोळ खर्च मांडून ठेवीत. पोस्टाच्या तिकिटाची नोंद कोठे सापडली तर आम्हांस ती विशेष पाहायची आहे. कोणत्या मुलाने, कोणत्या गावी, कोणत्या साली पत्र टाकले, आणि त्याला उत्तर आले काय. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत जाण्यापूर्वी मंडळाच्या कार्यवाहांना दाखवाव्यात. मूळ प्रत घरीच राहील; आम्ही फक्त उतरवून घेऊ.